हा नोरानं छंदवर्ग लावायला हवा होता म्हणे!

जास्वंद

काल 'ट्वेंटी अगेन' या कोरियन मालिकेच्या धाग्यावर भाऊसाहेबांनी लिहिलं : "३८व्या वर्षी पोराच्याच कॉलेजात जाऊन बसणं हा पोरावर अन्याय आहे. एवढीच हौस होती तर बाईनं छंदवर्ग लावावा. डिग्री घेऊन काय दिवे लावणार?" उत्तर द्यायला गेले तर तिथं सगळे नोराचं काम करणाऱ्या छ्वे जी-ऊच्या ओव्हरकोटांवर घसरलेले. म्हणून हा वेगळा धागा.

भाऊसाहेब, तुम्ही मालिका बघितलीत की नुसता चहा पिता पिता मान वळवलीत? नोरा कला शाळेत नाच शिकणारी पोरगी. एकोणिसाव्या वर्षी दिवस गेले, शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्यामागं जर्मनीला गेली, पोर वाढवलं. नवरा मानसशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि आता म्हणतो, तुझ्याशी बोलायला विषयच नसतो, मला घटस्फोट हवा. तर ही बाई चोरून अभ्यास करते. आधी शाळेची राहिलेली परीक्षा, मग अठरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसून सुनुंग, म्हणजे तिथली कॉलेज-प्रवेशाची परीक्षा, आणि प्रवेश मिळवते. नेमका त्याच विद्यापीठात पोरगा, आणि नवराही तिथंच शिकवायला येतो. यात अन्याय कुठं? जागा परीक्षा देऊन मिळवलीय, वशिल्यानं नाही.

'छंदवर्ग' या शब्दानं माझं डोकं फिरलं ते उगाच नाही. माझं लग्न बारावीनंतर झालं. "आम्ही पुढं शिकवू हो," असं सासरे बैठकीत म्हणाले होते. शिकवलं. पुरणाला चटका कधी लागतो, ते शिकवलं. मग मी कुरकूर केली की छंदवर्ग. केक झाला, रुखवत झालं, ग्लास पेंटिंग झालं. आज माझ्या घरात ग्लास पेंटिंगचे अकरा गणपती आहेत आणि पदवी एकही नाही.

भाऊसाहेब

अकरा गणपती म्हणजे छंदवर्ग चांगला होता म्हणायचा.

मालिका सोळाच्या सोळा भाग बघितलीय, सौ.बरोबर. मालिकेच्या प्रेमात पडणारे सगळे नोराची बाजू घेतात. मी पोराची घेतो, कारण मी तो पोरगा होतो. माझी आई मी ज्या शाळेत होतो तिथंच गणित शिकवायची. पाचवी ते दहावी. वर्गात दंगा झाला की पहिली पट्टी माझ्या हातावर, का तर पक्षपात दिसायला नको. डबा खाताना पोरं गप्प व्हायची, कारण मी 'बाईंचा'. शाळेत तिला 'बाई' म्हणायचं आणि घरी 'आई'. एकदा घरी भात वाढताना तोंडून 'बाई, पुरे' निघालं, आजी आठवडाभर हसत होती. मला नाही हसू आलं. त्या पोराला नुकतं कुठं घराबाहेर पाऊल टाकायला मिळालंय आणि कँटीनमध्ये समोर आई! कोरियात मुक्त विद्यापीठ नाही का? घरी बसून शिकायचं की.

सुवोनकर

आहे ना. १९७२ पासून आहे, 'बांगसोंगदे' म्हणतात. नावातच 'प्रसारण' आहे, सुरुवातीला धडे रेडिओवरून असत. म्हणजे आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या (१९८९) सतरा वर्षं आधी. नोकरी करणारे, पोरं मोठी झालेल्या बायका तिथं भरपूर.

पण भाऊसाहेब, तुमचा मुद्दा इथं बसत नाही. मी चार वर्षं इथं कोरियात, सुवोनला आहे. इथं सुनुंग म्हणजे काय ते बघितलं की कळतं. नोव्हेंबरातला एक गुरुवार. ऑफिसं उशिरा उघडतात, उशीर झालेल्या पोरांना पोलीस गाडीवर बसवून केंद्रावर सोडतात, इंग्रजीचा ऐकण्याचा पेपर चालू असतो तेवढा वेळ विमानं उतरत नाहीत की उडत नाहीत. अख्ख्या देशानं श्वास धरलेला असतो. त्या दिवशी ही बाई चोरून जाऊन पेपर देते. 'घरी बसून शिक' असं तिला सांगणं म्हणजे वीस वर्षं जिथं बसली तिथंच अजून बस.

कैरीपन्हं

दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडताय. मला ही मालिका बायकांच्या बाजूची म्हणून गळ्यात मारली गेली, म्हणून माझा राग वेगळा आहे.

एक, ती शिकायला जाते कशासाठी? नवऱ्याच्या पातळीला येऊन त्याच्याशी बोलता यावं, घटस्फोट टळावा म्हणून. म्हणजे शिक्षण हा नवरा टिकवायचा काढा. दोन, बाईला स्वादुपिंडाचा कॅन्सर, सहा महिने उरलेत असं सांगतात, आणि मग ती करायच्या राहिलेल्या गोष्टींची यादी काढते. पुढं कळतं की निदानच चुकलेलं. वा! स्वतःसाठी जगायचं तर बाईकडे आधी मरणाची तारीख पाहिजे. निरोगी बाईनं नाचावंसं वाटतं म्हणून नाचलेलं चालत नाही का? लेखिका सो ह्यन-ग्यंग बाई आहे म्हणून तर जास्त लागलं.

तीन, तो नाटकवाला प्राध्यापक. शाळेपासून हिच्यावर प्रेम, आयुष्यभर राग धरून बसलाय, आणि आजाराचं कळल्यावर एकदम मऊ. एका प्राध्यापकाच्या हातातून दुसऱ्या प्राध्यापकाच्या हातात.

जास्वंद

तिसरा मुद्दा मान्य. त्या प्राध्यापकाचं काम करणारा ई सांग-युन देखणा आहे म्हणून माफ केलं होतं, आता तुम्ही घाण केलीत.

पण पहिला नाही. कारण चुकीचं असलं म्हणून जाणं चुकीचं होतं का? नवऱ्यासाठी गेली, मग वर्गात पोरांनी टाळलं, मग नाचाच्या क्लबात पाय टाकला, आणि मध्येच कधीतरी नवरा मागं पडला. शेवटी घटस्फोट होतो आणि तोवर भीक मागायची वेळ नोरावर उरलेली नसते. कोण बाई पहिल्या दिवशी 'स्वतःसाठी' म्हणून घराबाहेर पडते हो? मी केकच्या क्लासला नणंदेच्या पोराच्या वाढदिवसासाठी गेले होते.

रविवारची विद्यार्थिनी

मी जास्त लिहीत नाही, पण राहवत नाही.

४३व्या वर्षी बी.ए. ला नाव घातलं. दर रविवारी अभ्यासकेंद्र. सकाळी सहाला कुकर, दोन भाज्या, आणि फ्रीजवर चिठ्ठी : कोशिंबिरीत मीठ घातलेलं नाही. पहिल्या परीक्षेला केंद्रावर पोचले, हातात हॉल तिकीट, पाण्याची बाटली, पर्समध्ये दोन पेनं. दारावरचे सर म्हणाले, "पालकांनी गेटबाहेर थांबा." मी काय केलं असेल? थांबले. खरंच पाच मिनिटं गेटबाहेर जाऊन उभी राहिले. मग आठवलं की पेपर माझा आहे. परत आत गेले तर तेच सर, "अहो मॅडम, सांगितलं ना." तेव्हा हॉल तिकीट पुढं केलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो. बाक लहान होता, गुडघे वर येत होते. पहिला प्रश्न वाचायला चष्मा शोधला तर तो घरी, ओट्यावर.

पास झाले. ५१ टक्के. कारण कुणाचं का असेना, कैरीपन्हं, त्या बाकावर मीच बसले होते.

तिसराबाक

मी एस.वाय.ला आहे, म्हणजे मालिकेतल्या पोराच्या वयाचा. आमच्या वर्गात पण एक काकू आहेत. खरं सांगू? लेक्चर संपायला दोन मिनिटं असताना प्रश्न विचारतात, आणि सर वीस मिनिटं उत्तर देतात. बाकी नोट्स मस्त असतात काकूंच्या. गटाच्या प्रोजेक्टला आधी कोणी घेत नव्हतं, आता भांडणं होतात. पण काकूंसमोर मोकळं बोलता येत नाही हे भाऊसाहेब काकांचं बरोबर आहे.

कैरीपन्हं

एका प्रतिसादात तीन वेळा काकू. नाव नाही का त्या बाईला?

तिसराबाक

मग काय म्हणू? अगं म्हणू?

सुवोनकर

मालिकेतही हाच घोळ आहे आणि सबटायटलमध्ये तो पार वाहून जातो. 'आजुम्मा'चं भाषांतर कधी मॅडम, कधी आंटी. मूळ शब्दात काकू, बाई आणि 'ए बाजूला हो' हे तिन्ही आहे. कॉलेजात आधीच्या वर्षाचा तो 'सनबे', नंतरचा 'हूबे', आणि मान सनबेला. आता वीस वर्षांची पोरगी सनबे आणि ३८ची नोरा हूबे. कोणी कुणाला वाकायचं? वयानं मोठीला मुलीनं 'ऑन्नी' म्हणायचं, मुलानं 'नूना', पण ते ताईपुरतं. आईच्या वयाचीला नूना म्हणताना जीभ अडखळते.

निवृत्त मास्तर

मराठीत याला सरळ उत्तर आहे : बाई. आदरही आहे, वयही नाही. आम्ही सगळ्यांना बाईच म्हणायचो.

जास्वंद

मास्तर, तुमच्या बाई म्हणजे शिकवणाऱ्या. शिकणारीला बाई म्हटलं की कामवालीच वाटते. कोल्हापुरात माझी जाऊ बँकेत गेली तर शिपाई 'वहिनी' म्हणाला, तिनं मॅनेजरकडं तक्रार केली. मॅनेजर म्हणाला, "काय झालं वहिनी?"

कैरीपन्हं

मोजून बघा. मावशी म्हणजे डबा देणारी, काकू म्हणजे शेजारची, वहिनी म्हणजे कुणाची तरी बायको, मॅडम म्हणजे पगारवाली. एवढे शब्द आहेत आणि 'वर्गातली मैत्रीण' असा एकही नाही. तिसराबाक, तुझ्या वर्गात चाळिशीचा पुरुष असता तर काका म्हणाला असतास की सर?

तिसराबाक

...सर.

कैरीपन्हं

बसा खाली.

निवृत्त मास्तर

पोरानं मोठ्या बाईला काकू म्हटलं यात अपमान शोधायचा म्हणजे कमाल आहे. नात्याचा शब्द आहे तो! आमच्या काळी अख्खी आळी काकू-काकांची होती, कुणाला राग यायचा नाही.

कैरीपन्हं

यायचा. सांगायच्या नाहीत.

निवृत्त मास्तर

तुम्हाला आमच्या आळीतलं जास्त माहीत दिसतं.

रविवारची विद्यार्थिनी

कृपया भांडू नका. मला केंद्रावर पोरी 'ताई' म्हणायच्या, आवडायचं. एक मुलगा 'आई' म्हणाला एकदा, चुकून. तो दिवसभर लपत होता.

नागपुरी संत्रं

धागा कशाचा होता बे? माझा एकच प्रश्न, त्या नवऱ्याला आत का नाही टाकलं? बाहेर लफडं, वर हिलाच घटस्फोटाचे कागद.

सुवोनकर

थोडक्यात हुकलं. कोरियात व्यभिचाराचं कलम १९५३ पासून होतं, दोन वर्षांपर्यंत कैद. २६ फेब्रुवारी २०१५ ला घटनात्मक न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केलं. मालिका टीव्हीएनवर सुरू झाली २८ ऑगस्टला. नवऱ्याला सहा महिन्यांची सूट मिळाली म्हणा.

नागपुरी संत्रं

आपल्याकडं बरं होतं मग.

कैरीपन्हं

काय बरं होतं? आपलं व्यभिचाराचं कलम ४९७ गेलं २०१८ मध्ये, आणि होतं तेव्हाही तक्रार 'त्या' बाईच्या नवऱ्यानं करायची. स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध बायकोला करताच यायची नाही.

भाऊसाहेब

एवढं रामायण झालं, पण पोराचं काय ते कोणी सांगितलं नाही. सगळ्यांना बाईचं मन कळतं. त्या पोरानं बापाच्या धाकात राहून अभ्यास केला, आईनं त्याच्यासाठी सगळं सोडलं हे रोज ऐकलं, आणि कॉलेजातही सुटका नाही. आई सुखी व्हावी, पण दुसऱ्या कॉलेजात व्हावी, एवढंच म्हणतो.

जास्वंद

मग तुमच्या आईला विचारलंत का कधी, पोरगा समोरच्या बाकावर असताना फळ्यावर लिहायला तिला कसं वाटायचं? सहा वर्षं दोघं त्याच वर्गात होतात. पट्टी एकालाच लागली असं समजू नका.

भाऊसाहेब

उगाच भावनिक करू नका.

भाऊसाहेब

विचारलं. आत्ता फोन केला. ८१ वर्षांची आहे, ऐकायला कमी येतं, त्यामुळं प्रश्न तीनदा ओरडून विचारावा लागला, बिल्डिंगला कळलं. म्हणाली, "मला काय मजा येत होती? तुझा पेपर तपासायला देशपांडे बाईंकडं द्यायचे. तू नापास झालास की स्टाफरूममध्ये सगळ्या माझ्याकडं न बघता चहा प्यायच्या. दोनदा बदलीचा अर्ज केला होता." मी म्हटलं, मला कधी सांगितलं नाहीस. तर म्हणाली, "तू कुठं विचारलंस. गणितात तेव्हाही तू उलट बाजूनंच सुरुवात करायचास."

यात कोण जिंकलं ते मला कळलेलं नाही. छंदवर्ग हा शब्द मागे घेतो. बाकी मत तेच.

कैरीपन्हं

भाऊसाहेब, हे तुमच्याकडून आलं म्हणजे धागा सार्थकी लागला. कॅन्सरबद्दल मात्र मी हटणार नाही.

तिसराबाक

अपडेट. आज लेक्चरनंतर त्यांना विचारलं, तुम्हाला काय म्हणू? म्हणाल्या, "काकू म्हण नाहीतर काही म्हण, माझ्या वाटणीचा डेटा गुरुवारपर्यंत पाठव. मागच्या वेळी तुझ्यामुळं माझे मार्क गेले."

जास्वंद

नाइलाजानं म्हणाल्या असतील.

तिसराबाक

नाही हो काकू, रागानं म्हणाल्या.