मीडियाच्या वर्गासाठी म्युझिक व्हिडिओ: आखणी कुठून सुरू करावी?

चौकट_चौघं: गाणं साडेतीन मिनिटांचं आहे. निम्मा व्हिडिओ गायिकेचा, निम्मा छोट्या कथेचा. हाताशी दोन फोन, एक ट्रायपॉड आणि शूटिंगला दोन दिवस. स्टोरीबोर्ड काढायला बसलो की चौकटी शंभरावर जातात, तरी गाण्याच्या कुठल्या जागी काय येणार ते कळत नाही. ओठ जुळतील की नाही याचीही धास्ती आहे. शिवाय एक ओळ स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायची आहे. सुरुवात कशी करावी?

समेवर_कट: स्टोरीबोर्ड सध्या बाजूला ठेवा, आधी गाण्याचा नकाशा करा. गाणं एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकून मुखडा, अंतरे, मधलं संगीत आणि वाद्यं एकदम थांबतात ती जागा, सगळीकडे मार्कर लावा. मग लय मोजा. समजा 100 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 100 ठोके, निघाली, तर एक ठोका 0.6 सेकंदाचा आणि चार ठोके 2.4 सेकंदांचे. सेकंदाला 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर एक ठोका बरोबर 15 फ्रेमचा होतो. साडेतीन मिनिटांत असे 350 ठोके. आता कुठे आठ ठोके एकच शॉट टिकेल आणि कुठे दोन-दोन ठोक्यांवर कट हवेत, हे कागदावरच ठरवता येतं.

त्यावरून एक तक्ता करा: वेळ, शब्द, गायिका की कथा, शॉट किती जवळचा, ठिकाण. चौकटी फक्त कथेच्या शॉटच्या काढा. गायिकेचा भाग पूर्ण टेकमध्येच घ्यायचा असतो, त्याला ओळीमागे ओळ चौकटी काढण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. तुमची शंभरी तिथूनच येते आहे.

कथेबद्दल एकच आग्रह. गाण्यात पाऊस आला की पडद्यावर पाऊस, दार आलं की दार, असं सलग केलंत तर दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत बघणारा कंटाळतो. काही ओळी चित्राने पुढे न्या, एखादीच्या मुद्दाम विरुद्ध जा, आणि तसं का केलंत ते प्रोजेक्टच्या नोंदीत लिहा.

प्लेबॅकवाला: गायिकेचं शूटिंग पहिल्या दिवशी उरका. पूर्ण गाण्याचे किमान तीन टेक घ्या: एक लांबून, एक कमरेपासून वर, एक चेहऱ्याचा. हे हाती असलं की कथेचा एखादा शॉट फसला तरी व्हिडिओ अडत नाही. दुसरा फोन बाजूने चालू ठेवा.

प्लेबॅकची, म्हणजे शूटिंगच्या वेळी वाजवायच्या गाण्याची, वेगळी फाइल करा. सुरुवातीला गाण्याच्याच लयीत चार टिकटिक टाका, म्हणजे पहिला शब्द हुकत नाही. गायिकेने खरंच मोठ्याने गायला हवं. नुसते ओठ हलवले की गळा, जबडा, श्वास काहीच हलत नाही, आणि जवळच्या शॉटमध्ये ते लगेच उघडं पडतं. फोनचा माइक चालूच ठेवा, तो आवाज फक्त जुळवणीसाठी असतो.

ब्लूटूथ स्पीकर उशिरा वाजतो म्हणून घाबरू नका. गायिका आणि फोन तोच स्पीकर ऐकत असतील तर उशीर दोघांना सारखाच. अडचण अंतराची आहे: आवाज 40 मिलिसेकंदांत सुमारे 14 मीटर जातो, म्हणजे तेवढ्या लांबून घेतलेला शॉट एक फ्रेम सरकलेला असतो. स्पीकर गायिकेजवळ ठेवा आणि लांबचे शॉट शेवटी नजरेने सरकवून घ्या.

उजेडमीटर: फोनबद्दल. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर गायिका हलली की चेहऱ्याचा रंग टेकच्या मध्येच बदलतो आणि दोन टेक एकमेकांना जोडता येत नाहीत. वीज 50 हर्ट्झची असेल तर शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, 60 हर्ट्झची असेल तर 1/60 किंवा 1/120. नाहीतर दिव्याखाली पट्टे फिरताना दिसतील.

बरेच फोन फ्रेम रेट कमीजास्त करत रेकॉर्ड करतात. सुरुवातीला जुळलेले ओठ तिसऱ्या मिनिटाला सुटले तर आधी हेच तपासा. एडिटच्या आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटची फाइल काढून घ्या. आणि कार्ड किंवा फोन रिकामा करण्याआधी दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी झालीच पाहिजे.

परवाना_पाहा: गाणं कुणाचं आहे? व्हिडिओ वर्गाबाहेर टाकणार असाल तर शब्द-चालीचा हक्क आणि रेकॉर्डिंगचा हक्क वेगळे असतात, परवानगी दोन्हींची लागते. क्रिएटिव्ह कॉमन्सचं (ठरावीक अटींवर वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याचं) गाणं घेतलंत तर परवान्यात ‘एनडी’, म्हणजे रूपांतराला मनाई, आहे का बघा. गाण्याला चालत्या चित्राशी जुळवणं हे त्या परवान्यात रूपांतर धरलं जातं, त्यामुळे एनडी असलेलं गाणं व्हिडिओला लावून प्रसिद्ध करता येत नाही. वर्गातल्याच कुणाची मूळ रचना असेल तर सर्वांत उत्तम, फक्त लेखी संमती घ्या.

चौकट_चौघं: मनापासून आभार, तक्ता आजच सुरू करतो. स्लो मोशनच्या ओळीचं काय? आणि स्पीकरऐवजी इअरफोन चालतील का?

प्लेबॅकवाला: त्या ओळीसाठी प्लेबॅक दुप्पट वेगाचा करा, 50 फ्रेमला शूट करा आणि 25 च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने लावा. ओठ मूळ गाण्याला जुळतात, केस आणि कपडे मात्र संथ हलतात. शब्द दाटीचे असतील तर दुप्पट वेगात जीभ अडखळते, म्हणून लांब सुरांची ओळ निवडा आणि प्लेबॅक आधीच्या ओळीपासून सुरू करा.

इअरफोन टाळा. फोनच्या माइकला गाणंच ऐकू येत नाही, मग जुळवायला फक्त गायिकेचा आवाज उरतो आणि सॉफ्टवेअरची आपोआप जुळवणी बहुधा फसते. शांतता पाळावीच लागणारी जागा असेल तर टेकच्या सुरुवातीला टिकटिक चालू असताना चौथ्या टिकेवर गायिकेला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायला सांगा. तीच खूण धरून हाताने जुळवता येईल.