सोसायटी ग्रुप, फोंडा: आयेल्ट्सच्या रीडिंगची तयारी

*नाईक वहिनी, बी-३०४:* नमस्कार मंडळी. आमची दीक्षा नर्सिंग करून युकेत नर्स म्हणून नोंदणी व्हावी यासाठी आयेल्ट्स (IELTS, इंग्रजीची परीक्षा) अकॅडमिक देतेय. सरावात रीडिंग ९ पैकी ६.५ च्या वर जात नाही, तिसरा उतारा अर्धाच राहतो. शब्दसंग्रह वाढवायला काय वाचावं? गावडे सर, शिरोडकर ताई, सांगाल का?

*शिरोडकर ताई, सी-२०१:* वहिनी, ६.५ म्हणजे ४० प्रश्नांपैकी साधारण २७ ते २९ बरोबर. ७ ला ३० च्या आसपास लागतात. म्हणजे अडलंय ते एक-दोन-तीन प्रश्नांवर. एवढ्यासाठी शब्दांच्या याद्या पाठ करत बसू नका. तिसरा उतारा राहतो म्हणजे वेळ पहिल्या उताऱ्यातच जातोय.

*शिरोडकर ताई, सी-२०१:* एकूण ६० मिनिटं, ३ उतारे, सगळे मिळून २१५० ते २७५० शब्द. उतारे चढत्या अवघडपणाचे. पहिला सोपा म्हणून मुलं त्याचीच उत्तरं दोनदा-तीनदा तपासतात आणि २५ मिनिटं घालवतात. १७, २०, २३ अशी वाटणी करा. १७ मिनिटं झाली की हातातला प्रश्न अंदाजाने भरायचा आणि पुढे जायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडू नये.

*गावडे सर, ए-१०२:* ताईंचं अगदी बरोबर. त्यात क्रमाचं सांगतो. विधान खरं की खोटं, वाक्य पूर्ण करा, पर्याय निवडा, या प्रश्नांची उत्तरं साधारण उताऱ्याच्याच क्रमाने येतात. तिसऱ्याचं उत्तर सापडलं की चौथ्यासाठी मागे जायचं नाही, तिथून खालीच बघायचं. ‘ही माहिती कोणत्या परिच्छेदात आहे’ हा प्रकार मात्र क्रमाने येत नाही. तो आधी घेतला तर अख्खा उतारा पाच वेळा चाळावा लागतो. तो शेवटी ठेवा, तोवर उतारा ओळखीचा झालेला असतो. परिच्छेदांना मथळे जुळवायचे असतील तर ते सुरुवातीला.

*सेक्रेटरी:* मध्येच लिहितोय, माफ करा. सी विंगची मोटर दुरुस्तीला काढली आहे, ५ पर्यंत पाणी येणार नाही.

*दीक्षा, बी-३०४:* सर, मी आईच्या फोनवरून. माझे जास्त गुण ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनमध्ये जातात. फॉल्स आणि नॉट गिव्हनमध्ये गोंधळ होतो.

*गावडे सर, ए-१०२:* बाय, हा उतारा समज: “काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणलं. उतारावरची माती वाहून जाऊ नये हा त्यामागचा मुख्य हेतू होता. बोंडांपासून फेणी गाळणं पुढे सुरू झालं.”
आता चार विधानं. उत्तरं लिही.
१. जमिनीची धूप रोखण्याचा विचार काजू आणण्यामागे होता.
२. फेणी गाळण्यासाठी काजू गोव्यात आणला गेला.
३. काजू मूळचा ब्राझीलचा.
४. धूप रोखणं हा काजू आणण्याचा एकमेव हेतू होता.

*दीक्षा, बी-३०४:* ट्रू, फॉल्स, ट्रू, ट्रू.

*गावडे सर, ए-१०२:* पहिली दोन बरोबर. तिसरं नॉट गिव्हन. काजू ब्राझीलकडचा हे खरं आहे, पण उताऱ्यात ब्राझीलचं नावच नाही. तुला ठाऊक असलेली गोष्ट उत्तरात आली. तुम्हा नर्सिंगच्या मुलींना आरोग्यावरचा उतारा आला की हे हमखास होतं, म्हणून सोपा वाटणारा विषय जास्त जपून वाचायचा.
चौथं फॉल्स. ‘मुख्य हेतू’ म्हटलं की आणखीही हेतू होते असा अर्थ झाला, मग ‘एकमेव’ टिकत नाही. फक्त, सर्व, नेहमी, पहिला, बहुतेक, काही असे शब्द विधानात दिसले की आधी त्यांच्यावर बोट ठेव.
स्वतःला एकच विचार: उताऱ्यातली कोणती ओळ या विधानाला खोटं पाडते? ओळ दाखवता आली तर फॉल्स. विषय आहे पण खोटं पाडणारी ओळ नाही, खरं ठरवणारीही नाही, तर नॉट गिव्हन. एका विधानावर दीड मिनिटाच्या वर थांबू नकोस. नॉट गिव्हनमध्ये शोधत राहण्यातच वेळ जातो, कारण नसलेली गोष्ट कितीही शोधली तरी सापडत नाही.

*शिरोडकर ताई, सी-२०१:* मथळ्यांमध्येही असाच सापळा असतो. मथळ्यातला शब्द जसाच्या तसा परिच्छेदात दिसला म्हणून तो लावू नकोस. बऱ्याचदा तो एका उदाहरणापुरता असतो. मथळा अख्ख्या परिच्छेदाला पुरला पाहिजे.
रिकाम्या जागांचं सांगते, इथले गुण निव्वळ निष्काळजीपणाने जातात. आधी सूचना वाच: एकच शब्द, की दोन शब्द आणि/किंवा एक संख्या. एक शब्द मागितला असताना पुढे ‘द’ लावलास तर उत्तर चूक. जोडरेघेचा शब्द एकच धरतात. उताऱ्यातला शब्द रूप न बदलता घ्यायचा, अनेकवचनाचा ‘एस’ सुटला तरी गुण गेला. स्पेलिंग ब्रिटिश असो वा अमेरिकन, चालतं, पण चुकलेलं चालत नाही.

*केतन, डी-४०३:* ताई, कॅनडासाठी जनरल ट्रेनिंग (आयेल्ट्सचाच दुसरा प्रकार) देणाऱ्यांनाही हाच हिशेब का?

*शिरोडकर ताई, सी-२०१:* नाही केतन. जनरलचे उतारे सोपे, पहिल्या भागात जाहिराती, सूचनापत्रकं असतात, म्हणून तिथे ७ ला साधारण ३४ बरोबर लागतात. अकॅडमिकचा तक्ता बघून खूश होऊ नकोस.

*नाईक वहिनी, बी-३०४:* कोणी म्हणतं ओईटी (OET, आरोग्य क्षेत्रातल्यांची इंग्रजीची परीक्षा) सोपी, ती घे. खरं का?

*शिरोडकर ताई, सी-२०१:* विषय आरोग्याचाच असतो, पण वेग जास्त लागतो. रीडिंगचा ए भाग १५ मिनिटांत २० प्रश्न, चार छोट्या मजकुरांतून. वेळ संपली की तो भाग बंद, परत जाता येत नाही. दीक्षाचं दुखणं वेळेचं आहे, त्यामुळे माझ्या मते आयेल्ट्सच चालू ठेवा. नोंदणीला रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगमध्ये ७ आणि रायटिंगमध्ये ६.५ लागतात. १२ महिन्यांतल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र धरतात, मात्र दोन्हींत पहिल्या तिन्हींमध्ये ६.५ आणि रायटिंगमध्ये ६ च्या खाली जाता कामा नये.

*गावडे सर, ए-१०२:* दीक्षा, सराव कागदावर नको, स्क्रीनवर कर. डावीकडे उतारा, उजवीकडे प्रश्न, शब्द निवडून रंगवता येतो. फोनवर तर मुळीच नको. परीक्षा घेणाऱ्या संस्थांचेच सराव संच वापर, इतरांच्या संचांत नॉट गिव्हनची उत्तरं पुष्कळदा वादग्रस्त असतात. आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिही: ओळ सापडली नाही, सापडली पण अर्थ चुकला, सूचना वाचली नाही, की वेळ संपला. पाच संचांनंतर कोणतं कारण जास्त येतं ते मोज आणि मला पाठव.

*सेक्रेटरी:* घरी आवाज होत असेल तर रविवारी सकाळी १० ते १२ तळमजल्याचा हॉल रिकामा आहे. चावी वॉचमनकडे ठेवतो. लॅपटॉपचा चार्जर आणा, खिडकीजवळचा प्लग चालत नाही.

*दीक्षा, बी-३०४:* रविवारी येते. देव बरें करूं सगळ्यांना. केतन, तूही येतोस का?

*केतन, डी-४०३:* येतो. एक्स्टेन्शन बोर्ड मी आणतो.