मदत हवी आहे: ब्रेडमेकरमध्ये कणकेचा ब्रेड मधोमध खचतो (खर्चही आटोक्यात ठेवायचाय)

ओंजळभर:
सेकंडहँड ब्रेडमेकर घेतलाय, ६०० वॉटचा. पुस्तिकेतली कृती अशी: ३ कप कणीक, सव्वा कप कोमट पाणी, २ छोटे चमचे इन्स्टंट यीस्ट, दीड छोटा चमचा मीठ, २ मोठे चमचे साखर, २ मोठे चमचे तेल. होल व्हीट प्रोग्रॅम, ३ तास ४० मिनिटं. गहू लोकवन, गिरणीतून दळलेला, पीठ न चाळलेलं. ब्रेड आधी काठापर्यंत फुगतो, भाजणी सुरू झाली की मध्ये खड्डा. आत ओलसर, कडा घट्ट. स्वयंपाकघरात सध्या ३३ अंश असतात.
खचण्याचं कारण काय? मैदा पूर्ण टाळता येईल का? ब्रेड फ्लोअर (जास्त ग्लूटेनचं पीठ) आणि इम्प्रूव्हर (ब्रेड मऊ आणि फुगीर ठेवणारी पूड) परवडणारे नाहीत; एक ब्रेड ३० रुपयांच्या आत बसवायचाय.

मंद_आच:
इम्प्रूव्हर घेऊ नका, गरज नाही. घ्यायचाच तर १ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा घ्या. कप हलक्या हाताने भरला तर कणीक १२० ग्रॅम बसते, दाबून भरला तर १५०. म्हणजे त्याच सव्वा कप, अर्थात ३०० ग्रॅम पाण्यात पिठाच्या वजनाच्या मानाने पाणी कधी ६७ टक्के पडतं (दाबलेला कप), कधी ८३ (हलका कप). ८३ टक्क्यांचा गोळा मशीनमध्ये उभा राहत नाही.

दुसरं कारण उष्णता. गोळा मळून झाल्यावर २६-२७ अंशांवर हवा. ३३ अंशांच्या खोलीत कोमट पाणी घातलं आणि वर पात्याच्या घर्षणाने तो तापला की यीस्ट धावतं. मशीनला हे कळत नाही, ते घड्याळाप्रमाणे फुगवत राहतं. भाजणी लागेपर्यंत ग्लूटेनची, म्हणजे पिठातल्या प्रथिनांची हवा धरणारी जाळी ताणून संपलेली असते, म्हणून खड्डा. होल व्हीट प्रोग्रॅममध्ये फुगवणं लांबलचक असतं, आपल्या उन्हाळ्यात ते नकोच.

उन्हाळ्यासाठी माप (ग्रॅममध्ये):
चाळलेली कणीक २८०, मैदा १२०, पाणी एकूण २८५, मीठ ८, साखर किंवा चिरलेला गूळ १२, तेल १५, इन्स्टंट यीस्ट ३ (सपाट १ छोटा चमचा).

यातली २० ग्रॅम कणीक १०० ग्रॅम पाण्यात कालवून मंद आचेवर खळीसारखी दाट होईपर्यंत ढवळा. उकळू देऊ नका, ६५ अंशांना ती दाटते. पूर्ण गार करा. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्यामुळे कणकेचा ब्रेड दुसऱ्या दिवशी भुगा होत नाही. महागड्या पुड्या जे करतात त्यातलं बरंचसं काम ही फुकटची खळ करते.

उरलेलं पाणी १८५ ग्रॅम, फ्रिजमधलं. त्यातलं २० मागे ठेवा. भांड्यात आधी पाणी, खळ, तेल, मीठ, साखर, वर पीठ, पिठात खळगा करून यीस्ट. काही मशीनमध्ये यीस्ट तळाशी घालायला सांगतात, तिथे पुस्तिकेचं ऐका.

मळणी सुरू होऊन ७-८ मिनिटं झाली की झाकण उघडून बघा. मळताना उघडलं तर काही बिघडत नाही. भाजताना मात्र उघडू नका. गोळा पोळीच्या कणकेहून सैल हवा, बोटाला किंचित चिकटून सुटणारा. कोरडा असेल तर राखलेलं पाणी चमच्याचमच्याने घाला. तळाशी लगदा फिरत असेल तर चमचाभर पीठ. पावसाळ्यात पीठ दमट असतं, तेव्हा राखलेलं पाणी बहुधा लागतच नाही.

पिठाची_गिरणी:
मैद्याबद्दल. पूर्ण टाळता येतो, पण ग्लूटेन पावडर लागेल: ४०० ग्रॅम कणकेला १२ ते १५ ग्रॅम, आणि २० ग्रॅम जास्त पाणी. मैद्यापेक्षा महाग पडतं. आधी पीठ मैद्याच्या चाळणीने चाळून बघा. कोंड्याच्या कडा ग्लूटेनचा पडदा कापतात. निघालेला कोंडा टाकू नका. मापातल्याच थोड्या पाण्यात, ते गरम करून, अर्धा तास भिजवा आणि गार झाल्यावर मळणी संपत येताना घाला. गिरणीत "बारीक" सांगा आणि गरम पिठाचा डबा लगेच बंद करू नका. खपली गव्हाच्या नादी लागू नका. चव सुंदर, पण तिचं ग्लूटेन ब्रेडचं वजन पेलत नाही.

तिंबण:
यीस्ट ५०० ग्रॅमच्या पाकिटात घ्या, छोट्या पुड्या फार महाग पडतात. उघडल्यावर हवाबंद बरणीत, फ्रीझरमध्ये. जुनं झाल्याची शंका आली तर १०० मिली कोमट पाण्यात १ चमचा साखर आणि २ चमचे यीस्ट घाला. १० मिनिटांत जाड फेस आला नाही तर फेकून द्या.

हिशेब माझ्या इथल्या भावाने: कणीक १४ रुपये, मैदा साडेपाच, तेल अडीच, साखर-मीठ १, यीस्ट दीड, वीज साधारण ०.४ युनिटचे ३. एकूण साडेसत्तावीस, आणि ब्रेड साधारण साडेसहाशे ग्रॅमचा. दूध पावडर घालू नका, तिच्यानेच खर्च वाढतो.

ओंजळभर:
खूप आभार. होल व्हीट नको तर कोणता प्रोग्रॅम? आणि पातं ब्रेडमध्येच अडकतं, तळाला भोक पडतं.

मंद_आच:
'डो' लावा, दीड तासात मळणी आणि पहिली फूग होते. गोळा काढा, पातं काढून टाका, हाताने हवा दाबून लोड वळा, परत त्याच भांड्यात ठेवा. मध्यभाग फुगून काठाच्या अंगठाभर खालपर्यंत आला की 'बेक', ४५ ते ५० मिनिटं. ३३ अंशांत ही फूग २५-३० मिनिटांतही येते. घड्याळाकडे नाही, गोळ्याकडे बघा. पातं नसल्याने तळाला दांड्याचं बारीकसं छिद्र तेवढं राहतं. झाल्याबरोबर जाळीवर काढा, भांड्यात ठेवलात तर कडा वाफेने ओल्या होतात. निदान तासभर गार होऊ द्या, गरम कापला तर शिजलेलाही चिकट वाटतो.

सांजवात:
धागा थोडा वळवते. बहीण अमेरिकेतून तिचं जुनं मशीन पाठवतेय. चालेल का?

तिंबण:
थेट लावू नका, ताई. तिथलं मशीन १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० वर हीटर जवळपास पावणेचारपट वीज ओढेल आणि जळेल. ६०० वॉटच्या मशीनला निदान १००० वॉटचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो जड असतो आणि स्वस्त नसतो. त्या पैशांत इथलं वापरलेलं मशीन बघा. घेताना भांड्यात पाणी भरून २० मिनिटं कागदावर ठेवा. दांड्याच्या सीलमधून कागद ओला झाला तर घेऊ नका. पातं हाताने अडखळत फिरत असेल तरी नको. 'बेक' १० मिनिटं चालवून हीटर तापतो का बघा. भांड्याचा लेप उडालेला असेल तर नवं भांडं मिळतं का ते आधी विचारा, सुट्टे भाग सहज मिळत नाहीत.