मदत हवी आहे : १९७२ ची फोर्ड एफ-१०० पिकअप, स्पीडोमीटर वेग कमी दाखवतोय

मंडळी, गाडी १९७२ ची एफ-१००. सी-६ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे ९ इंची अ‍ॅक्सल, टायर २३५/७५ आर १५. इंजिनाबद्दल काही तक्रार नाही, पण स्पीडोमीटर सरळ थापा मारतोय. फोनच्या जीपीएसवर ६० मैलांचा वेग स्थिर असताना काटा ५२ च्या आसपास असतो. ३० ला २६. शिवाय २० च्या खाली काटा थरथरतो.

माझ्याआधी गाडीचे दोन मालक होऊन गेलेत. डिफरन्शियलवर (मागच्या चाकांना फिरवणारा गिअरचा गोळा) रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, लिहिलेला पत्र्याचा टॅग असतो, तो कधीच गायब झालाय. एका ओळखीच्या मेकॅनिकचं म्हणणं, मीटर उघडून काटा उपटायचा आणि ८ मैल पुढे सरकवून बसवायचा, विषय संपला. मला हे पटत नाहीये. मीटर बदलू, केबल बदलू, की रोग भलतीकडेच आहे?

प्रतिसाद १
काट्याला हात लावू नका! काटा सरकवलात तर सगळीकडे सारखेच ८ मैल वाढतील. ६० ला बरोबर दिसेल, ३० ला ३४ दिसेल आणि उभ्या गाडीत ८. तुमची चूक टक्केवारीत आहे. ५२/६० आणि २६/३० दोन्हींचा भागाकार करून बघा, सारखाच येतो.
आधी एक सांगा, ओडोमीटर काय म्हणतो? हायवेच्या माईल मार्करवर १० मैल मोजून बघा.

धागाकर्ता
मोजले. १० मैलांत ओडोमीटर ८.६ पुढे गेला.

प्रतिसाद २
मग मीटर निर्दोष आहे, त्यावर खर्च करू नका.

कारण असं. या जुन्या मीटरमध्ये केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची छोटी वाटी असते, तिला चुंबकाचा स्पर्शसुद्धा होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह तयार होतो, वाटी ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे स्थिरावेल तो वेग. स्प्रिंग सैल झाली किंवा चुंबक अशक्त झाला तर काटा चुकतो. ओडोमीटरला मात्र यातलं काहीच लागत नाही, तो त्याच केबलवरून थेट दात्यांनी फिरतो. म्हणून काटा चुकला आणि ओडोमीटर बरोबर असेल तर दोष मीटरचा. दोन्ही एकाच प्रमाणात चुकत असतील तर केबलच कमी फिरतेय. तुमची दुसरी केस.

केबलचे १००० फेरे म्हणजे १ मैल, हा हिशोब. ती फिरते गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून, म्हणजे अ‍ॅक्सलच्या आधी. मागे कुणी अ‍ॅक्सलचा रेशो बदलला किंवा टायर मोठे घातले तर केबलला ते कळत नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर एक ड्राइव्ह गिअर असतो आणि केबलच्या टोकाला प्लास्टिकचा ड्रिव्हन गिअर. बदलायचा तो हा प्लास्टिकचा. फोर्डमध्ये साधारण १६ ते २१ दात्यांचे मिळतात. दाते जितके कमी, तितकी केबल जास्त फिरते.

सूत्र : ड्राइव्हचे दाते × अ‍ॅक्सल रेशो × टायरचे मैलामागे फेरे ÷ १००० = ड्रिव्हनचे दाते. तुमच्या मापाच्या टायरचे फेरे साधारण ७२० धरा. उरले दोन आकडे, ते गाडीखाली झोपून मिळतील.

रेशो : पुढच्या चाकांना गुटके, मागची दोन्ही चाकं स्टँडवर (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका), गिअर न्यूट्रल. टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारा दांडा) खडूची खूण करा. दोन्ही चाकं बरोबर एक फेरा फिरवा, शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक अडलेलं आणि दुसरंच फिरतंय असं झालं तर आकडा निम्मा येतो, म्हणून जोडीदार घ्या.

ड्राइव्हचे दाते : आधी प्लास्टिकचा गिअर काढून त्याचे दाते मोजा, परत बसवा. केबल मीटरच्या मागून सोडवा आणि जितके दाते तितके फेरे शाफ्टला द्या. केबलची आतली तार जितके फेरे घेईल तितके दाते ड्राइव्ह गिअरला. टेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं मागचं कवच) उघडायची गरज नाही.

प्रतिसाद ३
गिअर काढणं सोपंय, एक बोल्ट आणि एक पट्टी. थोडं तेल गळेल, खाली ट्रे ठेवा. ओ-रिंग नवीनच टाका, जुनी परत बसवली की गळती ठरलेली.

धागाकर्ता
झालं मोजून. ड्रिव्हन १९ दाते. शाफ्टला १९ फेरे दिले, तार ७ वेळा फिरली. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट सव्वातीन. म्हणजे ३.२५?

प्रतिसाद २
३.२५ च. आता गंमत बघा, रेशो ३.७० धरला तर : ७ × ३.७० × ७२० ÷ १००० = १८.६, म्हणजे १९ दाते. १९ चा गिअर ३.७० च्या अ‍ॅक्सलशी चपखल बसतो. हायवेवर इंजिन कमी फिरावं म्हणून आधीच्या मालकानं अ‍ॅक्सलचा पोटातला गोळा बदललेला दिसतोय. ९ इंचीमध्ये तो पुढून अख्खा निघतो, त्यामुळे बरेच जण हे करतात आणि स्पीडोमीटर विसरतात.
तुमचा आकडा : ७ × ३.२५ × ७२० ÷ १००० = १६.४.

धागाकर्ता
१६ की १७? आणि आत्तापर्यंतचे कमी पडलेले मैल ओडोमीटरवर वाढवायचे का?

प्रतिसाद २
१६. त्यानं वेग अडीच टक्के जास्त दिसेल, ६० ला साडेएकसष्ट. १७ नं पावणेचार टक्के कमी दिसेल. चुकायचंच तर काट्यानं वरच्या बाजूला चुकावं, चलन तरी वाचतं. अगदी तंतोतंत हवं असेल तर केबलच्या मध्ये बसणारी छोटी रेशोची पेटी मिळते, पण एवढ्यासाठी मी ती घेणार नाही.
ओडोमीटरच्या आकड्याला हात नको. पाच आकडी ओडोमीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतो, त्यामुळे पन्नास वर्षांच्या गाडीत त्या आकड्याला तसाही अर्थ नाही. आणि अमेरिकेत आकड्याशी छेडछाड हा गुन्हा आहे. गिअर बदलून पुढची नोंद बरोबर करणं त्यात येत नाही. विकताना मात्र घेणाऱ्याला सगळं सांगा.

प्रतिसाद ३
थरथरीचं राहिलंच. ती केबलची. तार बाहेर ओढा, पुसा, टेबलावर सरळ ठेवून बोटांत फिरवा. कुठे उडी मारली तर पीळ बसलाय, बदला. सरळ असेल तर स्पीडोमीटर केबलचं ग्रीस पातळ हातानं लावा, पण मीटरकडचं वीतभर टोक कोरडं ठेवा. तारेचे पीळ ग्रीस वर चढवतात, ते मीटरमध्ये गेलं की वाटी चिकटते आणि मग खरंच मीटर उघडावं लागतं. बसवताना केबलला कुठेही तीव्र वळण देऊ नका, एक्झॉस्टपासून लांब ठेवा.