रोजगाराचा मल्टिप्लायर २ च्या वर येतोय, विश्वास ठेवू का?

प्रश्न: एका प्रादेशिक विकास प्रकल्पासाठी आम्ही इनपुट-आउटपुट टेबलवरून (कोणतं क्षेत्र कोणाकडून किती माल घेतं त्याचा तक्ता) इकॉनॉमिक इम्पॅक्ट मॉडेल केलंय. मल्टिप्लायरचा, म्हणजे एका थेट नोकरीमागे एकूण किती नोकऱ्या होतात त्याचा, आकडा बघून सगळे खूश आहेत, पण मला खरंच भीती वाटतेय की याच आकड्यावर लोक आपली जमीन नि पाणी देऊन बसतील. काय तपासू?

उत्तर १: टेबल देशपातळीचं आहे का ते आधी बघा. तेच छोट्या भागाला लावलं की मल्टिप्लायर फुगतो, कारण छोटा भाग बराच माल बाहेरून आणतो, समजा खर्चाच्या १०० रुपयांतले ६० बाहेरच्या सप्लायरकडे गेले तर त्या भागातल्या खर्चाची पुढची फेरी ४० चीच. शिवाय या मॉडेलमध्ये किमती बदलत नाहीत आणि माणसं, जमीन, पाणी हवं तेवढं मिळतं असं धरलेलं असतं, प्रत्यक्षात नवा प्रकल्प जुन्या धंद्यांतलीच माणसं ओढतो, मग त्या नोकऱ्या नवीन कशा म्हणायच्या?

उत्तर २: पाणी त्याच टेबलला जोडता येतं. ही पद्धत काढणाऱ्या अर्थतज्ज्ञ लिऑन्टिफनेच १९७० मध्ये प्रदूषण त्यात बसवून दाखवलं होतं. दर युनिट उत्पादनामागे प्रत्येक क्षेत्र किती पाणी वापरतं ते टाका, नोकऱ्यांशेजारी पाण्याचाही आकडा येईल.

उत्तर ३: बांधकामातल्या नोकऱ्या वेगळ्या काढा प्लीज, त्या काम संपलं की जातात.

प्रश्नकर्ता: टेबल देशपातळीचंच निघालं!! प्रादेशिक करून परत चालवतो, आणि गावकऱ्यांसमोर पाण्याचा आकडा आधी ठेवणार.