जड वाहनाचा परवाना मिळाला, पहिली नोकरी कशी मिळवावी?

प्रश्न (भोसरी)

नमस्कार. माझे वय २३ वर्षे आहे. हलक्या वाहनाचा परवाना माझ्याकडे चार वर्षांपासून असून गेल्या महिन्यात त्यावर जड मालवाहू वाहनाची नोंद झाली. तेव्हापासून मी निगडीची ट्रान्सपोर्टनगरी आणि चाकण एमआयडीसी यांमधील कार्यालये पालथी घालतो आहे. सगळीकडे पहिला प्रश्न अनुभवाचा असतो, आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर शिकलो असे सांगितले की "नंबर लिहून ठेवा, कळवतो" एवढ्यावर बोलणे संपते. एक मालक मात्र लगेच बारा चाकी गाडी द्यायला तयार आहेत. त्यांची अट अशी, की मूळ परवाना त्यांच्याकडे ठेवायचा आणि पहिल्या महिन्याचा पगार अनामत म्हणून राहू द्यायचा. मिळते आहे ते सोडू नकोस, असे आईचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (निगडी, २६ वर्षे चालक)

ही नोकरी घेऊ नका, हे मी आधीच स्पष्ट सांगतो. परवाना तुमचा आहे. तो दुसऱ्याच्या कपाटात गेला, की नोकरी सोडायची झाली तरी तुमचे पाय बांधलेले राहतात. शिवाय नवख्या माणसाच्या हाती लगेच बारा चाकी का दिली जाते, याचाही विचार करा. बहुतेक वेळा ती गाडी जुने चालक घ्यायला तयार नसतात, कारण ब्रेकचे काम थकलेले असते किंवा माल क्षमतेपेक्षा जास्त भरला जातो. जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, आणि कायद्याने तो गाडी चालवणाऱ्यावरही बसू शकतो.

पहिले वर्षभर १४ किंवा १७ फुटी गाडीवर स्थानिक फेऱ्या करा. चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात सुट्या भागांची ने-आण करणाऱ्या गाड्यांना दिवसातून चार-पाच ठिकाणी माल चढवावा-उतरवावा लागतो. अरुंद फाटकातून गाडी रिव्हर्स घेणे, ताडपत्री व रस्सी नीट बांधणे, बिल्टी (मालाची वाहतूक पावती) आणि ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन दाखला) तपासून मगच निघणे, या गोष्टी तिथे जितक्या लवकर अंगवळणी पडतात तितक्या लांबच्या मार्गावर पडत नाहीत. लांबच जायचे असेल तर जोडीचा चालक म्हणून जा.

मी असाच एका उस्तादाबरोबर, म्हणजे जुन्या अनुभवी चालकाबरोबर, सुरुवात केली. साताऱ्याकडून पुण्याला येताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला, की नवले पुलापर्यंत सलग उतार लागतो. डिझेल वाचेल म्हणून मी गिअर काढून गाडी न्यूट्रल केली, तेव्हा उस्तादांनी माझा हात धरून गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकायला लावली आणि खाली आल्यावर कडेला थांबवली. मागच्या चाकांजवळ ब्रेकचे लायनर तापल्याचा उग्र वास येत होता, आणि ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेला तर आच लागत होती. त्यांनी तिथेच समजावून सांगितले, की गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन तिला धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. आणि इंजिनच बंद केले तर कॉम्प्रेसर थांबून, ज्या हवेवर ब्रेक चालतात ती टाकीत भरणे बंद होते व स्टिअरिंगही जड पडते. ज्या गिअरमध्ये चढ चढायचा, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, हा नियम मी आजवर मोडलेला नाही. त्याच उतारावर इतक्या माणसांचे जीव गेलेले पाहिले आहेत, की हे लिहितानाही मन अस्वस्थ होते.

प्रतिसाद (चाकण, अकरा गाड्यांचे मालक)

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. मालकाच्या बाजूने थोडे सांगतो. चाचणीला आलेला मुलगा किती वेगाने गाडी फिरवतो याच्याशी मला काही देणेघेणे नसते. गाडीत बसण्याआधी त्याने चाकांना, नटांना आणि फाळक्याच्या कड्यांना हात लावून पाहिला का, सुरू केल्यावर हवेचा काटा वर येईपर्यंत तो थांबला का, आणि रिव्हर्स घेण्याआधी खाली उतरून मागची जागा पाहून आला का, एवढेच मी पाहतो. गेल्या वर्षी एक मुलगा दोनदा उतरून पाहून आला आणि तरीही त्याला गाडी लावायला वेळ लागला; त्याला मी त्याच दिवशी ठेवून घेतले.

अनुभवाबाबत एक विचारतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की एकूण वजन साडेसात टनांपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. या चार वर्षांत तुम्ही टेम्पो किंवा छोटा हत्ती चालवला आहे का? चालवला असल्यास तो अनुभवच आहे. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखलाही काढून ठेवा, कारण बऱ्याच कंपन्या त्याशिवाय फाटकातून आत घेत नाहीत. पुढे टँकरवर जायचे असेल तर धोकादायक मालासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर वेगळी नोंद करावी लागते. त्याची चौकशी तुमच्या भोसरीतच, सीआयआरटी (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट) या संस्थेत करता येईल.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मामांचा टेम्पो आहे, आणि मंचरहून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रात्री भाजी पोहोचवण्याचे काम मी दोन वर्षे केले आहे; पण ते घरचे काम म्हणून मी कुठेही सांगितलेच नव्हते. बारा चाकीच्या मालकांना आज नकार कळवला. आईलाही तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले, आणि परवाना ठेवून घेण्याची गोष्ट तिलाही पटली नाही.

प्रतिसाद (चाकण, अकरा गाड्यांचे मालक)

दोन वर्षे रात्रीचे, वेळेत पोहोचवायचे काम केले आहे, म्हणजे तुम्ही नवखे नाही. मामांकडून तसे पत्र लिहून घ्या, त्यावर गाडीचा क्रमांक आणि कालावधी असू द्या, आणि पुढच्या कार्यालयात गेल्यावर बोलण्याची सुरुवात त्या पत्रापासून करा. पगार, भत्ता, हमाली कोणी द्यायची आणि माल उतरायला उशीर झाला तर मुक्कामाचे पैसे किती, हे गाडीची चावी हातात घेण्याआधी विचारा.

प्रतिसाद (निगडी, २६ वर्षे चालक)

चाचणीला जाताना खिशात बॅटरी ठेवा. चाकांच्या आतल्या बाजूला दिवसाही अंधार असतो.