मदत हवी आहे: पाण्याखाली मोशन कॅप्चर करताना मार्कर दिसतच नाहीत

खोलपाणी:
'अवतार: द वे ऑफ वॉटर'मध्ये आहे तसा पाण्याखालचा प्रसंग करायचाय. दोन पात्रं पोहत येतात, हातांच्या खुणांनी बोलतात, मग वर जातात. कॅमेरे वॉटरप्रूफ पेट्यांत घालून तलावात उतरवले. हवेत सगळं झकास, पाण्यात नटांच्या अंगावरचे मार्कर (ज्यांच्यावरून सॉफ्टवेअर हालचाल टिपतं ते गोळे) गायब. अगदी जवळ आल्यावर दोनचार लुकलुकतात, तेही जागेवर राहत नाहीत. एक्स्पोजर वाढवून झालं, थ्रेशोल्ड (किती उजळ ठिपक्याला मार्कर धरायचं ती मर्यादा) खाली आणून झाला. तलाव याच आठवड्यापुरता मिळालाय. नेमकं काय बदलू ते सांगा, 'आधी मूलभूत गोष्टी वाचा' असं कृपया सांगू नका.

फ्रेमदरफ्रेम:
दिवे कोणत्या तरंगलांबीचे? मार्कर कसले? कॅमेऱ्यापासून माणूस किती लांब? कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्यांच्या जागा आणि लेन्स सॉफ्टवेअरला मोजून देणं, कुठे केलं? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग नेमकं काय सांगणार?

खोलपाणी:
नेहमीचेच मोशन कॅप्चरचे कॅमेरे हो, लेन्सभोवती मंद लाल दिव्यांचं कडं असतं ते. मार्कर राखाडी गोळे, १४ मिमी. अंतर ४ मीटर धरा.

तारेवरचा:
मुळात पाण्यात उतरताच कशाला? हार्नेसमध्ये टांगा, हालचाली सावकाश करायला सांगा, वर ७५ टक्के वेगाने चालवा. केस आणि कपडे नंतर सिम्युलेशनमध्ये पाण्यातले करता येतात.

फ्रेमदरफ्रेम:
@खोलपाणी, मंद लाल दिसतात म्हणजे ते ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड दिवे. पाणी हा प्रकाश पिऊन टाकतं. एका मीटरमध्ये जेमतेम दीड टक्का उरतो आणि तुमच्या प्रकाशाला ४ मीटर जाऊन ४ मीटर परत यायचंय. एक्स्पोजर वाढवून फक्त नॉइज वाढेल. त्या चित्रपटातही हवेतल्या भागाला इन्फ्रारेड आणि पाण्याखाली अतिनील प्रकाश अशा दोन वेगळ्या यंत्रणा होत्या, त्या याच कारणाने.
४५० ते ४७० नॅनोमीटरचे निळे एलईडी लावा, निळा प्रकाश पाण्यात लांबवर जातो. पण नुसते दिवे बदलून भागणार नाही. या कॅमेऱ्यांत दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर असतो, तो काढून फक्त निळा प्रकाश जाऊ देणारा बँडपास फिल्टर घालावा लागेल. फिल्टर निघण्यासारखा नसेल तर हे कॅमेरे पाण्यात निरुपयोगी आहेत. मग ग्लोबल शटरचे (अख्खी फ्रेम एकाच क्षणी टिपणारे) साधे औद्योगिक मशीन व्हिजन कॅमेरे घ्या.

हाडसांगाडा:
निळे दिवे लावले तरी हे राखाडी गोळे चालणार नाहीत. त्यांच्यावरचे काचेचे मणी उघडे असतात. हवेत ते प्रकाश मण्याच्या मागच्या भिंतीवर गोळा करून आल्या वाटेने परत पाठवतात. पाणी लागलं की काच आणि बाहेरचं माध्यम यांच्या अपवर्तनांकातला फरक घटतो, प्रकाश मण्याच्या मागे कुठेतरी एकत्र येतो आणि परतावा जवळजवळ संपतो. बंद थराची प्रिझमवाली परावर्तक टेप वापरा, तिच्या आत हवा कोंडलेली असते. कापलेल्या कडा मात्र इपॉक्सीने बंद करा, नाहीतर आत पाणी शिरतं.
त्याहून चांगलं म्हणजे स्वतः उजळणारे मार्कर. प्रकाशाला एकाच बाजूने प्रवास करावा लागतो, लेन्सजवळ दिवा नसल्यामुळे गढूळपणाही उजळत नाही. निळा एलईडी, ३ व्होल्टच्या दोन नाणे-बॅटऱ्या एकामागे एक, २७० ओहमचा रोध, सगळं इपॉक्सीत पक्कं बसवून वर दुधी टोपी. टोपी पोकळ ठेवू नका, हवा राहिली की मार्कर वर ओढला जातो आणि कपड्यावर डुलतो. तुमचे 'जागेवर राहत नाहीत' त्यात हेही असू शकेल. सूट अंगाला घट्ट आहे ना?

जडत्वमापक:
कॅमेऱ्यांच्या मागे लागण्यापेक्षा सेन्सरचा सूट घ्या, अंगावरचे सेन्सरच हालचाल मोजतात. अडथळा नाही, मार्कर हरवणं नाही.

हाडसांगाडा:
@जडत्वमापक, पोहण्यासाठी? असा सूट पाय जमिनीला टेकल्याच्या क्षणांवरून शरीराची जागा ठरवतो. पोहताना पाय टेकतच नाही, त्यामुळे कंबर भलतीकडेच वाहत जाते. २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ पाण्यात शिरल्यावर थोड्याच अंतरात संपतो, म्हणजे रेकॉर्डिंग अंगावरच करावं लागणार. तलावाच्या तळात सळया असतील तर चुंबकीय सेन्सर दिशा चुकवतो तो वेगळाच.

जडत्वमापक:
रेकॉर्डिंग अंगावर करता येतं, आणि जागेसाठी एक कॅमेरा जोडीला द्यायचा. सांध्यांचे कोन तरी नीट मिळतील.

हाडसांगाडा:
कोन मिळतील, तेही सूट जलरोधक असेल तर. पोहण्याचा अभिनय मात्र शरीर पाण्यातून कुठे आणि किती सरकतं यातच असतो.

पडदाप्रेमी:
तुम्ही सेकंदाला ४८ फ्रेम्समध्येच करा. त्या चित्रपटात पाण्याचे प्रसंग ४८ आणि संवाद २४ असं मिश्रण होतं, डोळ्यांना सारखे धक्के बसत होते.

फ्रेमदरफ्रेम:
प्रेक्षकाला दाखवायचा वेग वेगळा, कॅप्चरचा वेगळा. कॅप्चर १०० च्या आसपास ठेवा, नंतर हवं त्या वेगात उतरवता येतं. @खोलपाणी, कॅलिब्रेशनचं उत्तर राहिलं.

खोलपाणी:
काठावरच केलं, कोरड्यात. मग पेट्या तशाच खाली सोडल्या, कॅमेरे हलले नाहीत. आणि मार्कर थोडेच का होईना दिसतात, तेव्हा प्रश्न प्रकाशाचाच आहे ना?

फ्रेमदरफ्रेम:
प्रश्न दोन आहेत. प्रकाशामुळे मार्कर गायब होतात आणि कॅलिब्रेशनमुळे उड्या मारतात. पेटीची काच सपाट असली की पाण्यात किरण वाकतात, कॅमेऱ्याला दिसणारा कोन हवेत ९० अंश असेल तर ६४ च्या आसपास येतो. जणू लेन्सची फोकल लेंग्थ १.३३ पट झाली, शिवाय कडांकडे विकृती. सॉफ्टवेअरला हे ठाऊक नाही, त्यामुळे दोन कॅमेऱ्यांच्या रेषा एका बिंदूत भेटत नाहीत.
दिवे बदलल्यावर कॅलिब्रेशन पाण्यातच करा. कॅलिब्रेशनसाठी कॅमेऱ्यांसमोर फिरवायच्या कांडीवरचे मार्करही उजळणारे लावा आणि त्यांच्यातलं अंतर नव्याने मोजून सॉफ्टवेअरमध्ये घाला. कांडी सावकाश फिरवा, जोरात फिरवली तर पाण्याच्या रेट्याने वाकते. तळापासून पृष्ठभागापर्यंत सगळा भाग झाला पाहिजे. पेटी एकदा जरी उघडली तरी पुन्हा पहिल्यापासून.
दिसणारा कोन अरुंद झाल्यामुळे मधल्या जागा उघड्या पडतील. कॅमेरे वाढवा किंवा अभिनयाची जागा लहान करा.

दीर्घश्वास:
नट हवेची टाकी लावून आहेत का?

खोलपाणी:
हो, अर्थात. नाहीतर टेक कसा पुरणार?

दीर्घश्वास:
मग निळे दिवे लागताच प्रत्येक बुडबुडा मार्करसारखा चमकेल. म्हणूनच त्या चित्रपटात नटच काय, पाण्यातले कॅमेरामनही श्वास रोखून काम करत होते. प्रशिक्षक कर्क क्रॅक यांनी सगळ्यांना फ्रीडायव्हिंग (टाकीशिवाय, श्वास रोखून बुडी मारणं) शिकवलं, केट विन्स्लेटने ७ मिनिटांहून जास्त श्वास रोखला. तो आकडा पाहून कृपया कोणी त्याच्या मागे लागू नका. ३० सेकंदांचा टेक पुरतो.
नियम मात्र कडक पाळा. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेणं बंद. त्याने कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घ्यावासा वाटतच नाही आणि माणूस कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो. दोन बुड्यांमध्ये बुडीच्या किमान दुप्पट विश्रांती. प्रत्येक नटामागे एक प्रशिक्षित माणूस पाण्यात, त्याच्याकडे दुसरं कुठलंही काम नको. टेक संपल्यावर त्याने नटाकडे निदान ३० सेकंद पाहत राहायचं, कारण शुद्ध बऱ्याचदा वर आल्यावर हरपते.

तारेवरचा:
एवढा धोका पत्करण्यापेक्षा हार्नेस बरा, मी तेच म्हणत होतो.

दीर्घश्वास:
@तारेवरचा, हार्नेसमध्ये वजन कंबरेच्या पट्ट्यावर येतं. पाण्यात छातीतली हवा माणसाला वर उचलते, पाय खाली जातात आणि हाताच्या प्रत्येक फटकाऱ्याला विरोध होतो. सावकाश केलेल्या हालचालीत तो विरोध दिसत नाही, खांदे खोटं बोलतात. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी सुमारे ९ लाख गॅलनची टाकी वापरली ती त्यासाठीच. धोका नियम मोडल्याने येतो.

पडदाप्रेमी:
आणि तरीही अशा अभिनयाला ऑस्करचं अभिनयाचं नामांकन नाही. सिगर्नी वीव्हरने १४ वर्षांची किरी उभी केली, त्याची दखल फक्त व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये.

हाडसांगाडा:
तो अन्याय खराच. या भागात डोक्यावरच्या पट्ट्यात चेहऱ्यासाठी एकाऐवजी दोन कॅमेरे होते, ओठांची आणि गालांची खोली त्यामुळे मिळाली. @खोलपाणी, तुम्ही चेहरा पण पाण्यातच पकडताय का?

खोलपाणी:
हो, हेल्मेटवर कॅमेरा आहे. ते सांगायचं राहिलं. आणि आणखी एक, पात्रं पृष्ठभागातून वर येतात तिथे काय करायचं?

हाडसांगाडा:
हेल्मेट पाण्याच्या ओढीने मागे सरकतं, श्वास कोंडल्याने गाल फुगतात, डोळे बारीक होतात. तेवढी यंत्रणा हाताशी नसेल तर शरीर पाण्यात घ्या, चेहरा त्याच दिवशी कोरड्यात त्याच टेकचा व्हिडिओ समोर ठेवून घ्या. खुणांची भाषा असल्यामुळे ओठांचं काम कमी आहे, हे तुमच्या पथ्यावर पडेल.

फ्रेमदरफ्रेम:
पृष्ठभाग खालून आरशासारखा वागतो, प्रत्येक मार्करचं प्रतिबिंब वर दिसतं आणि सॉफ्टवेअर ते खरं धरतं. त्या टाकीत पाण्यावर छोटे पांढरे गोळे पसरले होते, वरचा प्रकाश आणि चमक अडवायला. त्यांतून माणूस अलगद वर येऊ शकतो. तुम्ही तसे गोळे पसरा, नाहीतर कॅमेरे जरा खाली झुकवा आणि पृष्ठभागाची पट्टी मास्क करा, म्हणजे सॉफ्टवेअर ती सोडून देईल.
वर येण्यासाठी पाण्यावर इन्फ्रारेड कॅमेऱ्यांचा वेगळा संच लागेल. दोन्ही संच एकाच सिंकवर (सगळ्यांनी एकाच क्षणी फ्रेम टिपावी असा इशारा) चालवा. मग एक ताठ दांडा अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर उभा धरा. बाहेरच्या भागावर तुमचे राखाडी गोळे, आतल्यावर उजळणारे. गोळ्यांमधली अंतरं आधीच मोजलेली असली म्हणजे दांडा दोन-तीन ठिकाणी धरून दोन्ही संचांचे अक्ष जुळवता येतात. नटाच्या अंगावरही दोन्ही तऱ्हेचे मार्कर लागतील. कंबर बाहेर येईपर्यंत खालचा डेटा, नंतर वरचा, मध्ये १० ते १५ फ्रेम्सचं मिश्रण.

खोलपाणी:
फिल्टर स्क्रूवर आहे, निघतोय. निळे एलईडी मागवले. सिंकसाठी वायरलेस चालेल का?

फ्रेमदरफ्रेम:
पाण्यात नाही. पेटीच्या ग्रंथीतून (केबलभोवती घट्ट बसणारं जलरोधक तोंड) केबलच काढा, आणि पेटी आधी रिकामी बुडवून रात्रभर ठेवा.